विश्लेषण : वीज गेल्यावर चौथ्या रात्री कोणती टॉर्च चालेल? खरेदी करताना ल्युमेनआधी सेल का पाहावा?

२८ एप्रिल २०२५ रोजी भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांतील वीज गेली. मेट्रो थांबल्या, कार्डाने पैसे देणे बंद पडले आणि लोकांनी टॉर्च, मेणबत्त्या, सेलवर चालणारे रेडिओ यांसाठी दुकानांत रांगा लावल्या. त्यानंतर नऊच दिवसांनी, ७ मे रोजी भारतात अनेक जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचे सराव झाले. काही ठिकाणी दिवे मालवून ‘ब्लॅकआउट’चीही तालीम झाली. घरात पाणी, औषधे आणि टॉर्च ठेवा, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. टॉर्च कोणती ठेवायची, हे मात्र बहुतेक संदेशांत नव्हते. ऑनलाइन बाजारात टॉर्चची निवड ‘किती ल्युमेन’ आणि ‘किती किलोमीटर’ यांवर होते. प्रत्यक्षात गरजेच्या रात्री ती पेटणार की नाही, हे तिच्या आत कोणता सेल आहे यावर ठरते.

बॅटरी म्हणजे टॉर्च की सेल?

मराठीत ‘बॅटरी घेऊन ये’ म्हटले की बहुतेक घरांत टॉर्चच आणली जाते. आत घालायचा तो सेल. जुन्या टॉर्चमध्ये दोन किंवा तीन मोठे सेल असायचे आणि दिव्यात तार असायची. सेल संपत आले की उजेड पिवळा व्हायचा. मग ते उन्हात ठेवून आणखी एक-दोन रात्री काढल्या जायच्या. सेल बदलला की टॉर्च पुन्हा नवी. दिवा आणि वीज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेव्हा वापरणाऱ्याला दिसत असे.

एलईडी आल्यावर हे चित्र बदलले. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. दीड व्होल्टच्या एका सेलवर ती थेट पेटत नाही. त्यासाठी तीन सेल तरी जोडावे लागतात, व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट तरी घालावे लागते, किंवा मग ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल वापरावा लागतो. स्वस्त टॉर्चमध्ये तीन बारीक सेल का असतात आणि ताकदवान टॉर्चमध्ये एकच जाड लिथियम सेल का असतो, याचे उत्तर यात आहे. पुढे कंपन्यांनी सेल आतच बंद करून चार्जिंगची सोय दिली. ग्राहकाची सोय झाली, पण आत काय आहे हे पाहण्याची सवय सुटली.

‘निसर्ग’ चक्रीवादळात काय दिसले?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे रत्नागिरीतील दापोली, मंडणगड या भागांत विजेचे खांब आणि रोहित्रे आडवी झाली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. काही गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. अशा वेळी भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारी टॉर्च दोन-तीन रात्रींत संपते आणि तिला पुन्हा जिवंत करण्याचा मार्गच उरत नाही. साधी पेन्सिल सेलची टॉर्च मात्र किराणा दुकानात सेलची एक जोडी शिल्लक असेल, तोवर चालते. घड्याळातला किंवा रिमोटमधला सेल काढूनही वेळ निभावता येते.

याचा अर्थ चार्जिंगची टॉर्च वाईट असा नाही. रोज वापरायची असेल तर तीच स्वस्त पडते. प्रश्न एवढाच की, नेहमीची वीज नसताना या टॉर्चला पुढची वीज कुठून मिळणार? खरेदीच्या वेळी हा प्रश्न पहिला विचारला, तर निम्मी निवड तिथेच होते.

टॉर्चमध्ये कोणकोणते सेल येतात?

साधे कार्बन-झिंक सेल : सर्वांत स्वस्त, गावोगाव मिळणारे. मोठा प्रवाह लागला की लवकर थकतात. घड्याळ आणि रिमोटसाठी योग्य. आजच्या प्रखर टॉर्चसाठी कमी पडतात.

अल्कलाइन सेल : आकार तोच, व्होल्टेज तेच, दीड. साठवण मात्र कार्बन-झिंकच्या दुपटीहून अधिक असू शकते. न वापरता अनेक वर्षे टिकतात. दोष एकच, विसरून आत राहिले तर गळतात.

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड : पेन्सिल सेलच्याच आकारात मिळतात. व्होल्टेज १.२ असले तरी बहुतेक एलईडी टॉर्चना चालते. शेकडो वेळा चार्ज होतात. पूर्वी ते कपाटात पडल्या पडल्या उतरत. २००५च्या सुमारास आलेल्या ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ प्रकारात हा दोष बराच कमी झाला. रोजच्या वापराला हा सर्वांत समंजस पर्याय.

लिथियम-आयन : सर्वांत प्रसिद्ध आकार १८६५०. हा आकडा म्हणजे १८ मिलीमीटर व्यास आणि ६५ मिलीमीटर लांबी. शेवटचे शून्य गोल नळीचा आकार सांगते. २१७०० हा त्याहून थोडा मोठा. एका चांगल्या १८६५० सेलमध्ये चार अल्कलाइन पेन्सिल सेलइतकी ऊर्जा मावते. प्रखर उजेडासाठी याला तोड नाही. पण चांगला चार्जर आणि थोडी शिस्त लागते.

चार्ज न होणारे लिथियम पेन्सिल सेल : दीड व्होल्टचे, वजनाला हलके, कडाक्याच्या थंडीतही चालणारे. अनेक वर्षे पडून राहिले तरी चालतात आणि गळण्याचा धोका फार कमी. महाग आहेत, म्हणून रोजसाठी नाहीत. आपत्कालीन पिशवीत किंवा हिमालयातल्या ट्रेकसाठी मात्र उत्तम.

लेड-ॲसिड : मागे घडी होणारा दोन पिनांचा प्लग असलेली जड, स्वस्त ‘चार्जिंगची बॅटरी’ अनेक घरांत असते. त्यांपैकी बऱ्याच टॉर्चच्या आत चार व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने राहिली की आतून खराब होते. चार्जिंगचा लाल दिवा लागतो, टॉर्चही पेटते आणि पाच मिनिटांत मावळते. पावसाळ्यापुरती काढायची टॉर्च या प्रकारातली घेणे म्हणजे दर पावसाळ्यात नवी घेणे.

खोक्यावरचे आकडे कसे तपासायचे?

यासाठी शाळेतले गुणाकार पुरतात. सेलवर एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्याला हजाराने भागून व्होल्टेजने गुणले की वॅट-तास मिळतात. खरी ऊर्जा ती. ३५०० एमएएचचा १८६५० सेल म्हणजे ३.५ गुणिले ३.६, साधारण साडेबारा वॅट-तास. २००० एमएएचचा रिचार्जेबल पेन्सिल सेल म्हणजे २ गुणिले १.२, सुमारे २.४ वॅट-तास.

टॉर्चमधली एलईडी आणि सर्किट मिळून एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन उजेड देतात. म्हणजे साडेबारा वॅट-तासांच्या सेलवर १५० ल्युमेनचा उजेड आठ तास मिळेल, किंवा १२०० ल्युमेनचा एक तास. आता एखाद्या जाहिरातीत ‘१००० ल्युमेन, १० तास’ असे लिहिले असेल, तर त्यासाठी १०० वॅट-तास लागतील. म्हणजे तसे आठ सेल. हातात मावणाऱ्या एका सेलच्या टॉर्चमध्ये ते बसत नाहीत.

तसाच दुसरा दावा ‘९९०० एमएएच’चा. १८६५० आकारात नामांकित कंपन्यांचे उत्तम सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असतात. त्याच आकाराच्या सेलवर ९९०० छापलेले दिसले, तर तो सेल घेऊच नये. जो उत्पादक साठवणीबद्दल खोटे छापतो, त्याच्या सुरक्षिततेच्या दाव्यावर विश्वास कशाला ठेवायचा? असे सेल हातात घेतले तर अनेकदा हलके लागतात. खऱ्या १८६५० सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते.

प्रामाणिक कंपन्या ‘एएनएसआय एफएल-१’ या मानकाप्रमाणे आकडे देतात. तेही वाचता यायला हवेत. या मानकात टॉर्च किती वेळ चालते, हे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे ‘पाच तास’ याचा अर्थ पाच तास पूर्ण प्रखर उजेड असा नाही. अंतरही उजेड ०.२५ लक्सवर येईपर्यंत मोजतात. तो साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. ‘३०० मीटर’ लिहिलेल्या टॉर्चने ३०० मीटरवर चांदणे पडते. तिथला माणूस ओळखू येईलच असे नाही.

रात्री शेतात जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न वेगळा का आहे?

महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की पाणी धरायला अंधारातच जावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली. जिथे ती अजून पोहोचलेली नाही, तिथे बांधावरची रात्र तशीच आहे. जुन्नर परिसरातल्या उसात बिबट्या, आणि सगळीकडेच साप.

सर्पदंशाचे प्रमाण समजून घ्यायला हवे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावले. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि त्यांतले निम्मे पावसाळ्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. पायात बूट आणि हातात उजेड, हे त्यातले सर्वांत साधे संरक्षण.

बांधावर पाय कुठे पडतो हे दिसायला हजार ल्युमेन लागत नाहीत. शंभर-दीडशे ल्युमेनचा पसरट उजेड पुरतो. लांबचे पाहायला क्षणभर प्रखर झोत असला की झाले. महत्त्वाचे म्हणजे टॉर्च कशी संपते. अल्कलाइन सेल हळूहळू मंदावतात, म्हणजे घरी परतायला वेळ देतात. रिचार्जेबल पेन्सिल सेल बराच वेळ एकसारखे चालतात आणि मग लवकर ढेपाळतात. लिथियम-आयन सेलला अतिउतरण्यापासून वाचवणारे सर्किट असते. ते तुटले की अंधार एका क्षणात होतो. अलीकडे यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात. तेही शेवटपर्यंत पूर्ण जोर देतात आणि मग अचानक बंद पडतात.

म्हणून रात्रीच्या कामाला लिथियमची टॉर्च घ्यावी, पण चार्ज किती उरला हे दाखवणारा दिवा असलेली आणि सेल बदलता येणारी. खिशात एका पेन्सिल सेलची छोटी टॉर्च जोडीला असावी. दोन्ही हात कामात असतील तर डोक्याला बांधायची टॉर्च अधिक उपयोगी. फावडे एका हाताने चालत नाही.

मोबाइलची टॉर्च पुरत नाही का?

घरातल्या जिन्यापुरती पुरते. मोबाइलच्या ५००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे एका १८६५० सेलपेक्षा जास्तच. पण संकटाच्या वेळी तीच ऊर्जा फोन करण्यासाठी, निरोप पाहण्यासाठी आणि रुग्णवाहिका बोलावण्यासाठी राखायची असते. शिवाय मोबाइलचा उजेड काही पावलांपलीकडे जात नाही, आणि पावसात तो उघडा धरावा लागतो. फोन शेवटचा पर्याय असावा.

सेल घात कधी करतात?

पहिला घात विसरण्याचा. कपाटात ठेवलेल्या टॉर्चमधले अल्कलाइन सेल गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी पूड जमते. ती क्षारीय असते. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसून कोरडी केली तर टॉर्च कधी कधी वाचते. पण मुळात सेल बाहेर काढून टॉर्चशेजारी ठेवणेच चांगले.

दुसरा घात मिसळण्याचा. जुना आणि नवा, किंवा दोन प्रकारचे सेल एकत्र घातले की कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्यातून उलटा प्रवाह ढकलतात. गळती बऱ्याचदा अशीच सुरू होते.

तिसरा घात सारख्या दिसण्याचा. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल हुबेहूब पेन्सिल सेलच्या मापाचा असतो, पण व्होल्टेज ३.७, पूर्ण चार्ज असताना ४.२. दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये किंवा खेळण्यात तो घातला तर सर्किट जळू शकते. टॉर्चवर तशी परवानगी स्पष्ट लिहिलेली असेल तरच घालावा.

चौथा घात सर्वांत धोक्याचा. सुटा लिथियम सेल किल्ल्यांसोबत खिशात ठेवला तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. प्लास्टिकची डबी स्वस्तात मिळते, ती वापरावी. वेष्टन फाटलेला किंवा फुगलेला सेल चार्ज करू नये. भारतात लिथियम सेलना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेलवर किंवा खोक्यावर शोधावा. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, चेक-इन सामानात नाही.

बंद सेलची टॉर्च घ्यावी की नाही?

लिथियम सेल काही शेकडो चार्जिंगनंतर म्हातारा होतो. एलईडी त्याहून कितीतरी जास्त टिकते. सेल आत चिकटवलेला असेल, तर चांगली एलईडी आणि धडधाकट कवच सेलसोबत कचऱ्यात जाते. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणांमधली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला काढता आणि बदलता आली पाहिजे. भारतातील २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचा भर वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यावर आहे. त्यामुळे इथे तूर्त निवड ग्राहकाच्याच हातात आहे. चार्जिंग टॉर्चमध्येच होते पण झाकण उघडून सेलही बदलता येतो, अशा टॉर्च बाजारात मिळतात. त्याच घ्याव्यात.

मग कोणी कोणती घ्यावी?

रोज वापर असेल तर हिशेब सोपा आहे. रोज तासभर १५० ल्युमेन म्हणजे दीड वॅट-तास. अल्कलाइन पेन्सिल सेलची जोडी साधारण सहा वॅट-तास देते, म्हणजे चार दिवस. वर्षाला ९० जोड्या, १८० सेल. त्याऐवजी चार रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि एक बरा चार्जर, किंवा दोन १८६५० सेल यांत अनेक वर्षे निघतात.

घरात आणीबाणीसाठी ठेवायची टॉर्च पेन्सिल सेलचीच असावी, एक किंवा दोन सेलची. तोच सेल रेडिओ, घड्याळ, रिमोट यांत चालत असला तर उत्तम. अल्कलाइन सेल वेगळे ठेवून दर पावसाळ्याआधी तारीख पाहावी. परवडत असेल तर चार्ज न होणारे लिथियम सेल ठेवावेत.

शेत, रखवाली, शोधकार्य, रात्रीचा ट्रेक यांसाठी बदलता येणारा १८६५० किंवा २१७०० सेल, एक चार्ज केलेला सेल डबीत, आणि जोडीला पेन्सिल सेलची छोटी टॉर्च. वृद्ध एकटे राहत असतील तर दोन पेन्सिल सेल आणि एकच बटण असलेली साधी टॉर्च. पाच मोड आणि लुकलुकणारे दिवे त्यांच्या कामाचे नाहीत.

तीन बारीक, म्हणजे रिमोटमधल्या एएए सेलची टॉर्च दिसायला सुटसुटीत असते. पण तिन्ही रिचार्जेबल सेल मिळून जेमतेम तीन वॅट-तास, म्हणजे एका मोठ्या पेन्सिल सेलपेक्षा थोडेसेच जास्त. तीन सेल विकत घेऊन, सांभाळून, एकत्र बदलून एवढेच हाती येते. दुसरा पर्याय असेल तर ती टाळावी.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा संकलनात द्यावेत. आणि घरात आधीच एखादी टॉर्च असेल, तर नवी मागवण्यापूर्वी तिचे झाकण आजच उघडून पाहावे. सेल कोणता आहे, कधीचा आहे आणि गळला तर नाही ना, हे दोन मिनिटांत कळते.